नंबर नसलेली बंदूक: घरबसल्या शस्त्र बनविण्याचे नवे तंत्र आणि आपला कायदा

शस्त्र म्हणजे काय, हे आपल्या देशाचा १९५९ चा शस्त्र कायदा एका लांबलचक वाक्यात सांगतो. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडविलेली, अथवा त्या कामासाठी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू शस्त्र ठरते. त्यात बंदुका येतात, धारदार हत्यारे येतात आणि त्यांच्या जोडीला शस्त्रांचे सुटे भाग व शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. याच वाक्याच्या शेवटी केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरणादाखल लाठी व साधी हातकाठी यांची नावे घेतली आहेत. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत लेथ चालविणाऱ्या, यंत्रमागाचे सुटे भाग करून देणाऱ्या कारागिराने हे वाक्य एकदा तरी शांतपणे वाचावे असे मला वाटते, कारण घरबसल्या बंदूक बनविण्याविषयी जगभर जो वाद चालू आहे, त्यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे या वाक्यात आधीच दडलेली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल ते काहीच बोलत नाही.

मी सोलापुरातील एका तंत्रशिक्षण संस्थेत कार्यशाळेचा विषय शिकवतो. आमच्याकडे ‘फाईल’ या शब्दाचा अर्थ पूर्वी कानस एवढाच होता. लोखंडाचा तुकडा शेगड्यात आवळायचा आणि तासन्‌तास घासून मापात आणायचा. आता तोच शब्द संगणकातील आराखड्यासाठी वापरला जातो. मुले आराखडा उघडतात, थ्रीडी प्रिंटरला देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तयार वस्तू उचलतात. त्यांच्यापैकी काहींनी मला गंभीरपणे विचारले आहे की बातम्यांत येते ती छापलेली बंदूक खरी असते का, आणि तशी बंदूक कुणालाही करता येत असेल तर परवान्याला काय अर्थ उरतो. प्रश्न योग्य आहे. बंदूक कशी बनते, याचे तपशील या लेखात नाहीत आणि ते असण्याचे कारणही नाही. परवान्याला काय अर्थ उरतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

आधी जुनी व्यवस्था पाहू. बंदुकीवरील नियंत्रण कुठल्याही देशात थोड्याफार फरकाने चार ठिकाणी उभे असते: बनविणाऱ्यापाशी, विकणाऱ्यापाशी, बाळगणाऱ्यापाशी आणि काडतुसापाशी. आपल्याकडे बंदुका तयार करायला, विकायला, दुरुस्त करायला, त्यांच्यात बदल करायला किंवा त्यांची चाचणी घ्यायला कायद्याच्या पाचव्या कलमाखाली परवाना लागतो, आणि त्या विकत घ्यायला व जवळ बाळगायला तिसऱ्या कलमाखाली. सोलापूर शहरात राहणाऱ्याने हा परवाना पोलीस आयुक्तांकडे मागायचा असतो. शहराबाहेर, म्हणजे बार्शी, पंढरपूर, करमाळा, अक्कलकोट अशा तालुक्यांतील माणसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. वय साधारणपणे २१ पूर्ण हवे. पोलिसांची चौकशी होते, गरज खरी आहे का ते पाहिले जाते आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय पातळीवरील शस्त्र परवाना नोंदवहीत होते आणि त्याला एक स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. निवडणूक लागली की जिल्ह्यातील परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, ते या नोंदींच्याच आधाराने.

या साऱ्या व्यवस्थेला जोडणारा धागा म्हणजे बंदुकीवर कोरलेला क्रमांक. कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक बंदुकीवर बनविणाऱ्याचे नाव आणि क्रमांक असतो. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की तपास अधिकारी क्रमांकावरून कारखान्यापर्यंत, कारखान्याच्या वहीवरून विक्रेत्यापर्यंत आणि विक्रेत्याच्या वहीवरून परवानाधारकापर्यंत पोहोचतो. म्हणूनच आठव्या कलमाने हा क्रमांक घासून काढणे, बदलणे किंवा खोटा टाकणे यावर बंदी घातली आहे, आणि क्रमांक नसलेली बंदूक विकण्यावर किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यावरही. क्रमांक गेला की बंदुकीचा मागचा सगळा प्रवास पुसला जातो. इंग्रजी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आलेला ‘घोस्ट गन’ हा शब्द अशाच, मागमूस न ठेवणाऱ्या बंदुकीसाठी आहे. छापलेली की कापलेली, प्लास्टिकची की पोलादाची, हा भेद त्यात दुय्यम आहे.

आपल्याकडे या कायद्याला एक इतिहास आहे आणि तो सोलापूरकरांना अपरिचित नाही. लॉर्ड लिटन यांच्या काळात, १८७८ मध्ये, पहिला व्यापक शस्त्र कायदा झाला तेव्हा भारतीयांवर परवान्याची सक्ती होती आणि युरोपीय लोकांना तीतून सूट होती. स्वातंत्र्य चळवळीने हा अपमान कधी विसरला नाही. सोलापुरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला, १२ जानेवारी १९३१ रोजी येथील चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी देण्यात आली आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी कराचीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदविला. तरीही राज्यघटना तयार होताना हा हक्क तीत आला नाही. उलट एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते शांततेने आणि विनाशस्त्र. १९५९ चा कायदा या भूमिकेवर उभा आहे. आपल्याकडे बंदूक ही परवानगीने मिळणारी गोष्ट आहे. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला गेला आहे, आणि तेथील केंद्रीय कायद्यानुसार सर्वसामान्य नागरिकाला स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवायला परवाना लागत नाही. हा एक फरक ध्यानात ठेवला नाही तर तिकडच्या बातम्या वाचून आपली हमखास दिशाभूल होते.

आता तंत्राकडे येऊ. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी विणणारा कारागीर डोळ्यांनी पाहून काढत नाही. जॅकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. जेथे भोक असेल तेथे तार उचलली जाते, नसेल तेथे ती खाली राहते आणि त्या उचल-ठेवीतून नक्षी उमटते. नक्षी पत्त्यांत असते, माग कोणाचाही चालतो. पत्त्यांचा एक संच दुसऱ्या कारखान्यात नेला की तीच चादर तेथे विणली जाते, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर पत्त्यांची जागा संगणकातील आराखड्याने घेतली. थ्रीडी प्रिंटर याच कुळातला आहे. आराखड्यात वस्तूचे पातळ पातळ थर पाडलेले असतात. यंत्र तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा एका थरावर दुसरा असा रचत जाते आणि वस्तू खालून वर उभी राहते. या पद्धतीचे मूळ पेटंट अमेरिकेत १९८९ मध्ये मागितले गेले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पाने स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणाऱ्या स्वस्त प्रिंटरचे आराखडे सर्वांसाठी खुले केले होते, आणि पेटंट संपताच घराघरांत ठेवता येतील अशी यंत्रे बाजारात आली. जोडीला संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी छोटी यंत्रेही स्वस्त झाली. कसब हाताकडून आराखड्याकडे सरकले, हा या बदलाचा गाभा आहे. पूर्वी बंदूक बनविण्याची अडचण कारागिरीत होती. कायद्यालाही त्या अडचणीचा मोठा आधार होता, फक्त तो कुठल्या कलमात लिहिलेला नव्हता.

हा आधार निखळल्याचे जगाला मे २०१३ मध्ये कळले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कोडी विल्सन या तरुणाच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संघटनेने जवळजवळ पूर्णपणे प्लास्टिकमध्ये छापता येणाऱ्या, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर खुला केला. दोन दिवसांत तो सुमारे १ लाख वेळा उतरवून घेतला गेला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने शस्त्र निर्यातीच्या नियमांवर बोट ठेवून तो काढून टाकायला लावले. आराखडा परदेशातील माणसाला उपलब्ध करणे म्हणजे शस्त्रविषयक माहितीची निर्यात, असा त्या खात्याचा युक्तिवाद होता. संघटनेचे म्हणणे असे की आराखडा हे एक प्रकारचे लेखन आहे आणि लेखनाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. खटला २०१५ मध्ये दाखल झाला, २०१८ मध्ये सरकारने तडजोड केली, मग अनेक राज्ये न्यायालयात गेली आणि आराखडे पुन्हा खुले होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै २०१८ रोजी, सिअॅटलच्या संघीय न्यायाधीशांनी त्यांना मनाई केली. २०२० मध्ये हा विषय वाणिज्य खात्याकडे गेला आणि असे आराखडे इंटरनेटवर टाकण्यास परवान्याची अट लागू झाली. वाद कागदावर मिटला तरी पहिल्या दोन दिवसांत बाहेर गेलेल्या प्रती परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. एकदा गेलेला पत्त्यांचा संच परत मागवता येतो. आराखड्याची प्रत पाठविली तरी मूळ प्रत पाठविणाऱ्याकडेच राहते.

त्या पहिल्या पिस्तुलाची भीती प्रत्यक्ष धोक्यापेक्षा मोठी होती. प्लास्टिकला गोळी सुटतानाचा दाब सहजी पेलत नाही आणि अशा वस्तूने चालविणाऱ्याचाच हात जाण्याचा संभव असतो. धातूशोधक यंत्रातून ती निसटेल, ही चर्चाही बरीच झाली. अमेरिकेत १९८८ पासूनच शोधक यंत्राला न सापडणाऱ्या बंदुकांवर बंदी आहे, आणि काडतूस तर धातूचेच असते. खरा बदल त्यानंतरच्या काळात झाला, जेव्हा छापलेले भाग आणि धातूचे भाग एकत्र करण्याची पद्धत रूढ झाली.

येथे अमेरिकी कायद्यातील एक बारीक गोष्ट समजून घ्यावी लागते. बंदुकीचे सगळे भाग तेथे सारखे मानले जात नाहीत. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ज्या सांगाड्यावर बाकीचे भाग बसतात, त्या सांगाड्यालाच बंदूक मानले आहे. क्रमांक त्यावर कोरायचा, विक्रेत्याने नोंद त्याची ठेवायची आणि ग्राहकाची पार्श्वभूमी तपासायची ती तो विकताना. नळी, घोडा, स्प्रिंग हे भाग मोकळेपणाने विकत मिळतात. याचा फायदा दोन प्रकारे घेतला गेला. एक तर हा सांगाडा घरी छापायचा आणि उरलेले भाग बाजारातून आणायचे. दुसरे, सांगाडा थोडासा अर्धवट ठेवून विकायचा, म्हणजे तो अजून सांगाडा झालेलाच नाही असे म्हणता येते. ग्राहकाने घरी थोडे काम करून तो पूर्ण करायचा. असे संच क्रमांकाशिवाय, चौकशीशिवाय टपालाने घरपोच जाऊ लागले. आपल्या भाषेत सांगायचे तर मागावरून उतरलेली पण दशा न वळलेली चादर ही चादरच नाही, असा तो युक्तिवाद होता.

परिणाम आकड्यांत दिसला. अमेरिकेत पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्रीय यंत्रणेकडे पाठविलेल्या अशा विनाक्रमांक बंदुकांची संख्या २०१७ मध्ये सुमारे १,६०० होती. २०२१ मध्ये ती १९,००० च्या वर गेली. २०२२ मध्ये तेथील केंद्रीय यंत्रणेने नियम करून सहज पूर्ण करता येतील अशा संचांना आणि अर्धवट सांगाड्यांना बंदुकीच्याच व्याख्येत आणले, आणि २६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नियम टिकविला. निकालपत्र न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिले. प्रत्येक संच बंदूक ठरेलच असे न्यायालयाने म्हटलेले नाही. काही संच निश्चितच ठरतात आणि म्हणून नियम मुळातून बेकायदा म्हणता येत नाही, एवढे त्याने सांगितले. वस्तू अपुरी असली तरी तिचा हेतू आणि ओळख स्पष्ट असेल तर तिला तिच्या नावाने ओळखता येते, हा विचार मला पटतो. लेथवर काम करणाऱ्या कोणालाही तो पटावा. चार आणे काम उरलेला शाफ्ट आम्हीही शाफ्ट म्हणूनच मोजतो.

अमेरिकेतील हा सांगाड्याचा वाद आपल्याकडे उद्भवत नाही, कारण आपल्या व्याख्येत सुटे भाग पहिल्यापासून आहेत. युरोपातही बंदुकीच्या अनेक महत्त्वाच्या भागांवर नियंत्रण आहे. त्यामुळे तेथील मंडळींनी दुसरी वाट शोधली. २०२० मध्ये जर्मनीतील एका तरुणाने असा आराखडा प्रसिद्ध केला, ज्यात कायद्याने नियंत्रित असलेला कोणताही भाग विकत घ्यावा लागू नये हाच उद्देश होता. त्या आराखड्याचे नाव येथे देण्याची गरज नाही. बंदूक नियंत्रणाला शिवी देणारे ते नाव आहे. पुढे २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधील बंडखोर गटांच्या हाती ही शस्त्रे दिसली, आणि युरोपातील अनेक देशांत पोलिसांनी ती जप्त केली. त्याआधी, ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, जर्मनीतील हाले शहरात एका हल्लेखोराने घरी बनविलेली शस्त्रे घेऊन ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर चाल केली होती. शस्त्रे वारंवार अडली आणि प्रार्थनास्थळाचा दरवाजा टिकला म्हणून आतले लोक वाचले, तरीही बाहेर दोन माणसांचा जीव गेला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तेव्हा अटक केलेल्या संशयिताजवळ अंशतः थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेले पिस्तूल मिळाल्याचे पोलिसांनी सांगितले.

जपानची गोष्ट वेगळी आहे आणि ती अनेकदा चुकीची सांगितली जाते. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, ती घरी जुळविलेल्या बंदुकीने. ती प्रिंटरवर छापलेली नव्हती. जपानमध्ये १९५८ पासून जगातील सर्वांत कडक शस्त्र कायद्यांपैकी एक कायदा आहे आणि तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंची संख्या अत्यंत कमी असते. तेथील सरकारने या घटनेनंतर २०२४ मध्ये कायदा बदलून, बेकायदा बंदूक बाळगण्यास चिथावणी देण्याच्या हेतूने ती बनविण्याची माहिती इंटरनेटवर प्रसिद्ध करणे हाही गुन्हा ठरविला.

येथून पुढे प्रश्न अवघड होतो: आराखड्यालाच गुन्हा मानायचे का? ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१५ मध्ये ठरविले की बंदूक तयार करता येईल असा डिजिटल आराखडा परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद ठेवली. सिंगापूरने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात हीच दिशा घेतली. कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये जरा सावध शब्द वापरले. तेथे बंदूक बनविण्याच्या किंवा तिचा बेकायदा व्यापार करण्याच्या उद्देशाने असा आराखडा बाळगणे गुन्हा ठरते. मला कॅनडाची आणि जपानची वाट अधिक योग्य वाटते. केवळ बाळगण्याला शिक्षा ठेवली तर उत्सुकतेपोटी काहीतरी उघडून बसलेला सोळा वर्षांचा मुलगा आणि खरोखर शस्त्र करू पाहणारा माणूस एकाच कलमात सापडतात. हेतू सिद्ध करणे पोलिसांना जड जाते हे खरे, पण फौजदारी कायद्यात ते जड असायलाच हवे.

आपल्या देशात घरी शस्त्र बनविणे ही नवी बाब मुळीच नाही. स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘गावठी कट्टा व जिवंत काडतूस जप्त’ अशी बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. बिहारमधील मुंगेरला बंदुका बनविण्याची परंपरा अठराव्या शतकातील मीर कासीमच्या काळापासून आहे. तेथे परवानाधारक कारखाने झाले आणि त्याच कसबाच्या आधाराने बेकायदा भट्ट्याही चालल्या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर सातपुड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांचा उल्लेख आपल्या राज्यातील पोलीस कारवायांत वारंवार येतो. या बंदुकांना कारखाना नाही, वही नाही, क्रमांक नाही. ज्या संकटाचे वर्णन अमेरिकेत २०२१ मध्ये नवे म्हणून झाले, ते आपल्या तपास अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. फरक इतकाच की गावठी कट्टा घडविणारा माणूस असतो, त्याचे गाव असते, त्याची भट्टी असते आणि विकत घेणाऱ्याला त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. या साखळीतील एखादी कडी पोलिसांच्या हाती लागते. आराखड्याच्या बाबतीत बनविणारा आणि बाळगणारा एकच होऊ शकतो, आणि मग साक्ष देणारे मध्ये कोणी उरत नाही.

छापलेली बंदूक आपल्या कायद्याखाली येते का, याबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी घडविलेले कोणतेही शस्त्र म्हणजे बंदूक, अशी आपली व्याख्या आहे. ती कशाची केली आणि कोणत्या यंत्रावर केली, हे व्याख्या विचारत नाही. विनापरवाना ती बनविणे पाचव्या कलमाचा भंग आहे आणि १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. शस्त्र प्रतिबंधित प्रकारातील, उदाहरणार्थ आपोआप गोळ्या झाडणारे असेल, तर किमान शिक्षा १० वर्षांची होते. याच दुरुस्तीने बेकायदा शस्त्रव्यापाराची व्याख्या करताना क्रमांक नसलेल्या बंदुकांचा स्पष्ट समावेश केला. हौसेखातर, प्रयोग म्हणून किंवा चित्रफितीसाठी केले, हा बचाव या कलमांत कुठेही लिहिलेला नाही.

उणीव आहे ती आराखड्याच्या बाबतीत. १९५९ च्या कायद्याला यंत्र आणि सुटा भाग ठाऊक आहे. आराखडा हा सुटा भागही नाही आणि यंत्रही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली सरकार एखादे संकेतस्थळ रोखू शकते आणि गुन्ह्याला प्रोत्साहन दिल्याची कलमे लावता येतात, पण ती या विषयासाठी लिहिलेली नाहीत. संसदेने हा विषय हाती घ्यावा आणि घेताना हेतूची अट त्यात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रसामग्री हा शब्दही थोडा उलगडून सांगायला हवा. शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री म्हणजे सर्वसाधारण लेथ किंवा प्रिंटर नव्हे, हे व्यवहारात सर्वांना समजते. परंतु ज्या यंत्रावर संध्याकाळपर्यंत मागाचा दातेरी गिअर होतो त्याच यंत्रावर रात्री दुसरे काही होऊ शकते, तेव्हा रेघ कुठे ओढायची ते नियमांत लिहिलेले असणे कारागिरांच्याच हिताचे आहे.

तोवर नियंत्रणाची सर्वांत भक्कम जागा म्हणजे काडतूस. काडतुसात मोजून भरलेली दारू, आघाताने पेटणारा भाग आणि नेमक्या मापाची धातूची नळकांडी हे सारे एकत्र असते, आणि त्याचे उत्पादन मोठ्या कारखान्यांच्या हाती आहे. आपल्याच राज्यात पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही आहे. परवान्यावर किती काडतुसे घेता येतील तो आकडा लिहिलेला असतो आणि विक्रेत्याने प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायची असते. बंदूक कितीही आधुनिक रीतीने छापली तरी तिला काडतुसासाठी या जुन्या वहीच्या दाराशी यावे लागते किंवा चोरवाटेने जावे लागते. चोरवाटा बंद करण्याचे काम प्रिंटरमागे धावण्यापेक्षा अधिक फळ देणारे आहे, असे मला वाटते. गावठी कट्ट्यासाठीही हेच खरे आहे.

काही वस्तूंबद्दल लोकांच्या मनात विनाकारण धास्ती असते, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी होम मैदानावरच्या गड्ड्यात फुगे फोडण्यासाठी जी हवेची बंदूक मिळते, तशा ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्याहून शक्तिशाली असेल तर लागतो. दिवाळीतील टिकल्यांचे पिस्तूल हे खेळणे आहे, परंतु नकली बंदुकीत फेरफार करून ती खरी करणे हे सहाव्या कलमाखाली परवान्याशिवाय निषिद्ध आहे. अक्कलकोट संस्थानच्या शस्त्रसंग्रहालयात दिसतात तशा जुन्या, वापरण्याजोग्या न राहिलेल्या आणि केवळ पुरातन मूल्य असलेल्या शस्त्रांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. आजोबांच्या नावावरची बंदूक त्यांच्या निधनानंतर घरात तशीच पडून असेल तर मात्र ती बेकायदा ठरते. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा असतो.

शेवटी आमच्या व्यवसायातील माणसांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सोलापुरात जॉब वर्कची कामे बहुधा तोंडी ठरतात. माणूस नमुना किंवा मोबाईलवरचे रेखाचित्र दाखवतो, भाव ठरतो आणि दुसऱ्या दिवशी माल नेतो. भाग कशाचा, हे विचारण्याची पद्धत नाही. ती पडायला हवी. काम देणाऱ्याचे नाव, रेखाचित्राची प्रत आणि भाग कोणत्या यंत्राचा याची एका ओळीची नोंद ठेवली तर पुढे चौकशी झाली तेव्हा कारागिराच्या हातात कागद असतो, आणि ज्याला नाव सांगायचे नसते तो त्या दुकानातून आपोआप निघून जातो. आमच्या कार्यशाळेत प्रिंटरशेजारी अशी वही दोन वर्षांपासून आहे; तारीख, विद्यार्थी, वस्तू आणि लागलेले प्लास्टिक किती ग्रॅम, एवढे चार रकाने. कोणत्याही कामाबद्दल शंका आली तर ते काम हाती न घेता ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.